मोठे कलासंग्रहालय पाहण्यापूर्वी करावयाची तयारी

मोठ्या कलासंग्रहालयासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवला असेल, तर तयारीची सुरुवात काय सोडायचे हे ठरवण्यापासून करावी. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात सुमारे ३५,००० कलाकृती मांडलेल्या आहेत. प्रत्येकीपुढे अर्धा मिनिट थांबायचे म्हटले, तरी रोज आठ तास देऊनही महिनाभरात त्या पाहून होणार नाहीत. म्हणून संकेतस्थळावरील नकाशा समोर ठेवून दोन किंवा फार तर तीन विभाग निवडावेत आणि त्यांतील ज्या दहा-बारा कलाकृती पाहायच्याच आहेत, त्यांचे दालन क्रमांक लिहून घ्यावेत.

त्याआधी साप्ताहिक सुटी तपासावी. लूव्ह्र मंगळवारी बंद असते, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन बुधवारी, तर फ्लोरेन्सचे उफीझी सोमवारी. संग्रहालय उघडे असले तरी एखादे दालन दुरुस्तीसाठी बंद असू शकते किंवा हवे असलेले चित्र दुसऱ्या शहरातील प्रदर्शनासाठी गेलेले असू शकते, हेही पाहावे. कागदावरील चित्रांबाबत विशेष चौकशी करावी. प्रकाशाने कागद आणि रंग खराब होतात, त्यामुळे ही चित्रे साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) इतक्या मंद उजेडात, तीही काही महिनेच मांडतात आणि मग दीर्घकाळ अंधारात ठेवतात. व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयातील जर्मन चित्रकार ड्यूररचा १५०२ सालचा ससा तर मूळ रूपात क्वचितच बाहेर येतो.

निवडलेल्या चित्रांची लांबी-रुंदीही आधी पाहून ठेवावी; ही गोष्ट बहुतेकजण विसरतात आणि माझ्या मते तिच्याइतकी उपयोगी दुसरी कोणतीच नाही. लूव्ह्रमधील मोनालिसा ७७ बाय ५३ सेंटिमीटर आहे, काचेमागे आहे आणि तिच्यापुढे सतत गर्दी असते, म्हणून तिच्यासाठी उघडण्याची किंवा शेवटच्या तासाची वेळ राखावी लागते. त्याच दालनात तिच्या समोरच्या भिंतीवर इटालियन चित्रकार वेरोनेझेचे, बायबलमधील काना येथील विवाहभोजनाचे चित्र आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद, आणि ते नीट दिसण्यासाठी बरेच मागे सरकून उभे राहावे लागते. कोणते चित्र जवळून आणि कोणते लांबून पाहायचे हे ठाऊक असले, की दिवसाची आखणी आपोआप होते.

शरीराचीही तयारी हवी. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयातील बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्येच छायाचित्रांच्या आधारे दाखवून दिले होते, की मांडणी सोयीची नसली तर वाकून, ओणवे होऊन आणि मान ताणून पाहताना प्रेक्षक दमून जातो. तेव्हा पायांना सवयीचे झालेले बूट घालावेत, दालनांतील गारव्यासाठी एक हलके वस्त्र जवळ ठेवावे, जवळचा चष्मा विसरू नये आणि दर तासा-दीड तासाने बाकावर बसण्याची वेळ आखणीतच धरावी. काही संग्रहालयांत घडीची स्टुले किंवा चाकाची खुर्ची मिळते. गरज असल्यास तशी चौकशी आधीच करावी.

मोठी पिशवी बहुधा सामानघरात ठेवावी लागते, म्हणून लहानच न्यावी. टिपणांसाठी पेन्सिल आणि छोटी वही घ्यावी, कारण शाईला अनेक ठिकाणी मनाई असते. फ्लॅश बंद असल्याची खात्री करावी. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात तर दालनांमध्ये छायाचित्रणच करता येत नाही. सोबत कोणी असल्यास प्रत्येकाने आपापल्या गतीने पाहावे आणि भेटण्याची जागा व वेळ आत शिरण्यापूर्वीच ठरवावी. बंद होण्याच्या वेळेच्या बऱ्याच आधी रखवालदार दालने रिकामी करू लागतात आणि सामानघरापुढेही रांग लागते, म्हणून एखादे चित्र पुन्हा पाहायचे असल्यास त्यासाठीचा अर्धा तास त्या वेळेआधीचा धरावा.