आई-बाबांना घेऊन पुंता कानाच्या रिसॉर्टवर जाताना

माझे बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, सातारा डेपोला. रिसॉर्टवर पोचल्या पोचल्या मनगटावर चिकटवलेल्या पट्ट्याला त्यांनी लगेच नाव दिलं, 'पास'. तरी पहिल्या दोन दिवसांत बारवरच्या पोराने कॉफी पुढे केली की हात खिशातल्या पाकिटाकडे जायचा. "किती झाले?" तिसऱ्या दिवशी एकदाचं पटलं की सगळं आधीच भरलंय, आणि मग गाडी उलट्या दिशेने सुटली. सकाळी ऑम्लेट, त्यावर पॅनकेक, त्यावर पपई, त्यावर "तो बघ, चुरोसही दिसतायत". वसूल करायचं होतं ना. चौथा दिवस त्यांनी खोलीतच काढला, ताक कुठे मिळेल हे विचारत. ताक कुठेच मिळत नाही.

ऑल-इन्क्लुझिव्ह, म्हणजे राहण्या-खाण्याचे सगळे पैसे आधीच भरलेल्या रिसॉर्टवर आपल्या माणसांची गडबड होते ती या दोन टोकांवर. खाली लिहिलेलं बरंचसं त्याच्या मधलं आहे. आम्ही न्यू जर्सीत राहतो. नवरा, दोन मुलं आणि सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा अशी सहा जणांची वरात घेऊन २०२३ च्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत पुंता कानाला, म्हणजे कॅरिबियनमधल्या डॉमिनिकन रिपब्लिकच्या पूर्व टोकाला गेलो होतो.

आधी कागद. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर डॉमिनिकन रिपब्लिकचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण आई-बाबांचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे आणि परतीच्या दिवशीही चालू असणार आहे, एवढं उघडून बघा. नोकरीच्या एच-वन बी व्हिसावाल्यांनी जरा जास्त जपावं. पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टँप संपलाय आणि नुसतं नवं मंजुरीपत्र हातात आहे, अशा वेळी अमेरिकेत परत शिरायला कॅनडा-मेक्सिकोची छोटी ट्रिप चालून जाते, या बेटावरची चालत नाही. अमेरिकेत परत शिरल्यावर आय-९४ वरची, म्हणजे प्रवेशाच्या सरकारी नोंदीवरची तारीख ऑनलाइन बघून घ्या, आई-बाबांचा पुढचा मुक्काम तिच्यावरच ठरतो. त्यांच्यासाठी काढलेला विमा अमेरिकेबाहेर चालतो का, हेही विचारा. आमचा चालत नव्हता, वेगळा काढावा लागला. आणि डॉमिनिकन सरकारचा ई-तिकीट नावाचा फॉर्म असतो, फुकट. तो येतानाही लागतो आणि जातानाही. क्यूआर कोडचा फोटो काढून ठेवा.

रिसॉर्ट निवडताना तलावांचे फोटो बघत बसू नका, नकाशा बघा. पुंता कानातल्या बाव्हारोच्या किनाऱ्यासमोर प्रवाळाची रांग आहे, लाटा तिथेच फुटतात, त्यामुळे पाणी मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या सोयीचं. उत्तरेला उव्हेरो आल्तोकडे समुद्र खवळलेला असतो आणि विमानतळही लांब पडतो. दक्षिणेला बायाहिबे, तिथलं पाणी सगळ्यात शांत. ज्यांना नुसतं गुडघाभर पाण्यात उभं राहायचंय त्यांनी तिकडे जावं. दुसरं म्हणजे सार्गासम. हे तपकिरी शेवाळ २०११ पासून ढिगांनी किनाऱ्याला लागतंय, मुख्यतः वसंत ते उन्हाळा. कुजलं की सडक्या अंड्यांचा वास सुटतो. चक्रीवादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबरअखेर; २०२२ च्या सप्टेंबरात फियोना नेमकं याच टोकावर आदळलं होतं. म्हणून आम्ही नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा धरला. डिसेंबरात नाताळ जवळ आला की दर बघवत नाहीत.

नेवार्कहून थेट विमानाने चार तासांच्या आसपास. विमानतळाचं छप्पर झावळ्यांनी शाकारलेलं आहे. त्या ताडाचं नाव काना, गावाचं नावही त्याच्यावरूनच. आई वर बघत म्हणाली, "पावसाळ्याआधी दरवर्षी बदलत असतील का गं?" कस्टमच्या बाहेर पडलात की टाय लावलेली माणसं गोड हसत "गाडी कुठली?" विचारतील. तुमची गाडी आधीच ठरलेली असली पाहिजे, आणि तुम्ही थांबायचं नाही. त्यातले बरेच जण टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टवर दरवर्षी थोडे दिवस राहायचा हक्क, विकणारे असतात.

त्यावरून आठवलं. रिसॉर्टवरही दुसऱ्या सकाळी कोणीतरी 'स्वागताचा नाश्ता' आणि मसाजचं कूपन घेऊन येईल. नव्वद मिनिटं म्हणतात. आमचे तीन तास गेले, आणि शेवटी नवऱ्याने सही करू नये म्हणून मी धाकट्याला मुद्दाम चिमटा काढून रडवलं. कूपन अजून ड्रॉवरमध्ये आहे. तुम्ही सरळ नाही म्हणा.

खोलीबद्दल जायच्या आठवडाभर आधी ईमेल करा. तळमजला, रेस्टॉरंटजवळ आणि रात्रीच्या कार्यक्रमाच्या स्टेजपासून दूर. ही रिसॉर्टं अवाढव्य असतात. खोलीपासून नाश्त्यापर्यंत दहा-बारा मिनिटं चालणं सहज होतं. बॅटरीच्या गाड्या फिरतात, पण वेळापत्रक नाही. बाबांनी दोन दिवस थांब्यावर बसून सरासरी काढली, अठरा मिनिटं. वीज ११० व्होल्ट, अमेरिकेसारखीच, म्हणून साताऱ्याहून आणलेली आईची किटली नुसती कोमट व्हायची. चहासाठी आलं आणि पावडर नेली होती. बफेवर 'लेचे कालिएन्ते' म्हटलं की गरम दूध मिळतं. बाल्कनीचं दार उघडं राहिलं की एसी आपोआप बंद पडतो, बिघडला म्हणून फोन करू नका, आम्ही केला. नळाचं पाणी दात घासायलाही नको. बाटल्या रोज ठेवतात.

आणि घड्याळ! तिथे वर्षभर एकच वेळ असते. उन्हाळ्यात ती न्यूयॉर्कशी जुळते, हिवाळ्यात एक तास पुढे. फोन आपला आपण बदलतो, बाबांचं एचएमटी बदलत नाही. सात वाजता इटालियनमध्ये जागा राखली होती. बाबा तलावाकाठी त्यांच्या सातपर्यंत बसून राहिले, तेव्हा तिथे आठ वाजले होते. टेबल गेलं. बफे सोडून बाकी जेवणाच्या जागा बहुतेक ठिकाणी आधी राखाव्या लागतात, म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्या रात्रींचं ठरवून टाका. संध्याकाळी पुरुषांना फुलपँट आणि बंद बूट लागतात. कोल्हापुरी चपला फ्रेंच रेस्टॉरंटच्या दारात अडवल्या गेल्या, अगदी नम्रपणे.

आता जेवण. यावर जरा बसते, कारण शाकाहारी माणसाची खरी परीक्षा इथे आहे, आणि खरी मजाही.

'व्हेजिटेरियन' म्हणून काही कळत नाही. तुम्ही मान डोलावता, वाढपीही मान डोलावतो, आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजलेला असतो. नेमकं सांगा, "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन हामोन." म्हणजे मटण, कोंबडी, मासा, डुकराचं मांस नको. हामोन विसरू नका, राजम्यासारख्या दिसणाऱ्या घेवड्यात त्याचे बारीक तुकडे दडलेले असतात. अंडं नको असेल तर "सिन उएवो". लोखंडी तव्यावर समोर करून देणाऱ्या जपानी रेस्टॉरंटला कट्टर शाकाहाऱ्याला नेऊ नका, तवा सगळ्यांचा एकच. सगळ्यात उपयोगी माणूस म्हणजे सकाळी ऑम्लेट करणारा आचारी. पहिल्या दिवशी त्याच्याशी ओळख करा, हसा, एक डॉलर ठेवा. पुढे तो तुमच्यासाठी वेगळी कढई घेतो.

आणि मग बफेच्या टोकाला, पिझ्झा-बर्गर ओलांडून, जिथे गोरे पाहुणे फारसे जात नाहीत, तिथे जा. तिथे मांगू असतो, हिरवी केळी उकडून घोटलेली, वर व्हिनेगर घातलेला कांदा. शेजारची सलामी, म्हणजे मांसाच्या चकत्या, घेऊ नका म्हणजे झालं. तिथेच एका ताटलीवर 'मोरो दे ग्वांदुलेस' लिहिलं होतं. आईने डाव हातात घेतला, दाणा बोटांत दाबला आणि म्हणाली, "अगं, ही तर ओली तूर!" खरंच तूर. आपल्याकडून आफ्रिकेत आणि तिथून गुलामांच्या जहाजांबरोबर कॅरिबियनमध्ये पोचलेली. ऑम्लेटवाल्याला विचारलं, त्यात मांसाचं पाणी नव्हतं, आणि पुढचे चार दिवस आईचं दुपारचं जेवण मिटलं. लसणीची चटणी आम्ही नेलीच होती. तिथलं जेवण तिखट अजिबात नसतं, मेतकूट आणि चटणी बंद पाकिटातून न्या. ताजी फळं, भाज्या मात्र नेऊही नका आणि येताना आणूही नका.

त्या वर्षी थँक्सगिव्हिंग आणि कार्तिकी एकादशी एकाच गुरुवारी आली. बफेवर टर्की, आणि आईला उपास. तिने घाबरून दाण्याचं कूट आणि सैंधव बरोबर घेतलं होतं. बाबा 'बाताता' अशी पाटी वाचून आनंदाने ताट भरून घेऊन आले, "बघ, बटाटा तरी आहे." तोंडात घातलं तर रताळं! तिथे बटाट्याला पापा म्हणतात आणि रताळ्याला बाताता. हा शब्द मूळचा याच बेटांवरच्या ताइनो लोकांचा. स्पॅनिश-पोर्तुगीज करत करत आपल्याकडे आला तोवर दुसऱ्याच कंदाला चिकटला. उपासाला दोन्ही चालतात, त्यामुळे भांडण झालं नाही. शेजारी युका उकडून ठेवला होता, म्हणजे ज्याचा साबुदाणा करतात तो कंद. आईने क्षणभर विचार केला. "साबुदाणा चालतो तर ह्याने काय घोडं मारलंय?" ऑम्लेटवाल्याने तो लोण्यात परतून दिला, "सिन सेबोया" म्हणजे कांद्याशिवाय, हिरवी मिरची घालून. वर आमचं कूट. एवढी चांगली एकादशी मी न्यू जर्सीतही केलेली नाही.

पिण्याबद्दल थोडक्यात. बर्फ शुद्ध पाण्याचा असतो, भिऊ नका. चिनोला, म्हणजे पॅशनफ्रूट, याचा रस मुलांना द्या. मामाहुआना नावाच्या बाटलीत झाडाच्या साली, मुळ्या, रम, लाल वाइन आणि मध असतो. बाबांनी औषधी काढा म्हणून दोन पेले घेतले. काढा नाही तो.

टिप्स आधीच भरलेल्यात असं वेबसाइट म्हणते. तरी एक-एक डॉलरच्या पन्नास-साठ नोटा न्या. खोली साफ करणाऱ्या बाईंसाठी रोज वेगळी ठेवा, शेवटच्या दिवशी एकदम नको, त्या दिवशी दुसरीच कोणी येते. नाणी देऊ नका, तिथे ती बदलून मिळत नाहीत.

समुद्राचं सांगायचं तर, पुंता काना जवळपास पुण्याच्याच अक्षांशावर आहे. गुलमोहर, चाफा, नारळ, सगळं ओळखीचं. त्यामुळे आपल्याला वाटतं, ऊन आपलंच. पण वारा सतत असतो, चटका कळत नाही आणि पांढरी वाळू खालूनही ऊन फेकते. थोरल्याची पाठ पहिल्याच दुपारी सोलून निघाली. लांब बाह्यांचे पोहण्याचे शर्ट घ्या. लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही, आणि ज्याला पोहता येत नाही त्याने लाइफ जॅकेट मागून घ्यायचं, लाज नको. एक गोष्ट आईला शेवटपर्यंत खटकली: बाव्हारोला सूर्य समुद्रात बुडत नाही, समुद्रातून उगवतो. आम्ही गणपतीपुळ्याची माणसं, संध्याकाळी खुर्च्या मांडून बसलो तर ऊन पाठीवर. नोव्हेंबरात सकाळी साडेसहाला किनाऱ्यावर जा. त्या वेळी खुर्च्याही रिकाम्या असतात. आठनंतर प्रत्येकीवर कोणाचा तरी टॉवेल. टॉवेलचं कार्ड मात्र जपा, हरवलं की पैसे पडतात. मसाज आणि इंजिनाच्या बोटींचेही पैसे वेगळे.

किनारा कायद्याने सगळ्यांचा आहे, म्हणून फेरीवाले येणारच. निळा लारिमार हा दगड फक्त याच देशात सापडतो, पण किनाऱ्यावर मिळेल तो खराच असेल असं नाही. घासाघीस करा, आईने निम्म्यावर आणलं.

एक दिवस तरी बाहेर पडा. साओना बेटाची सहल सगळेच विकतात. म्हातारी माणसं असतील तर जाताना-येताना दोन्ही वेळा कॅटामरान, म्हणजे दोन तळांची संथ बोट, आहे का ते विचारा. स्पीडबोट पाठीचे मणके मोजते. कमरेएवढ्या पाण्यात तारामासे दिसतात, फोटोसाठी त्यांना पाण्याबाहेर काढू नका, मरतात.

निघायच्या दिवशी खोली बाराला सोडावी लागते आणि विमान संध्याकाळी. अंघोळीसाठी वेगळी खोली देतात, एक जोड कपडे वरच ठेवा. ई-तिकीट लॉबीतच उघडून तपासा. मग काउंटरवरची मुलगी कात्री घेऊन पट्टे कापते. बाबांनी हात पुढे केला, "चला, पास संपला."

विमानतळावर कॉफीच्या रांगेत ते माझ्यापुढे होते. कप समोर आला, तसं त्यांनी सवयीने मनगट वर करून त्या मुलीला दाखवलं.