कॉलेजच्या शहरात क्लायंटचा पाहुणचार कसा करावा

ज्या शहरात आपण शिकलो तिथेच क्लायंटना घेऊन कामाच्या दौऱ्यावर जायचे ठरले, की यजमानपद न मागता आपल्याकडे येते. शहर तुमच्या ओळखीचे आहे, तेव्हा संध्याकाळची सगळी व्यवस्था तुम्हीच पाहा, असे कार्यालयातून सांगितले जाते आणि आपणही ते आनंदाने स्वीकारतो. ही ओळख खरोखर मोलाची असते. जे यजमान परक्या शहरात केवळ हॉटेलच्या स्वागतकक्षाच्या सल्ल्यावर चालतात, त्यांच्यापेक्षा आपण पाहुण्यांना कितीतरी चांगली संध्याकाळ देऊ शकतो. मात्र त्यासाठी सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी लागते, ती म्हणजे त्या शहराच्या आठवणी आपल्या आहेत, पाहुण्यांच्या नाहीत. ज्या कट्ट्यासमोर आपल्याला भरून येते, तो त्यांच्या दृष्टीने रस्त्याकडेचा एक कट्टा असतो. म्हणून प्रत्येक ठिकाण निवडताना मला इथे का जावेसे वाटते, हा प्रश्न बाजूला ठेवून या माणसांना इथे काय मिळेल, हे स्वतःला विचारावे.

तारखा ठरवण्यापूर्वी विद्यापीठाचे शैक्षणिक वेळापत्रक पाहावे. ज्या शहराचे जीवन कॉलेजांभोवती फिरते तिथे दीक्षान्त समारंभ, प्रवेशाचे दिवस, स्नेहसंमेलने आणि माजी विद्यार्थ्यांचे मेळावे यांच्या काळात हॉटेलच्या खोल्या मिळत नाहीत, रस्ते भरलेले असतात आणि चांगल्या उपाहारगृहांत पालक व विद्यार्थ्यांची गर्दी असते. याउलट मोठ्या सुट्टीत परिसर ओस पडतो, ग्रंथालये व संग्रहालये कमी वेळ उघडी राहतात आणि विद्यार्थ्यांवर चालणारी काही दुकाने तर बंदच असतात. आपण तिथे शिकत असताना हे सगळे आपल्या अंगवळणी पडलेले असते. बाहेर पडल्यावर ते विसरायला फार काळ लागत नाही.

शक्य असल्यास पाहुण्यांच्या एक दिवस आधी पोहोचावे आणि ठरवलेले प्रत्येक ठिकाण स्वतः जाऊन पाहावे. जुन्या ओळखीवर विसंबणे ही या कामातील सर्वांत मोठी जोखीम आहे, कारण आपण तिथले जाणकार आहोत असे सगळे गृहीत धरतात आणि आपणही विचारपूस करत नाही. मालक बदललेला असतो, शांत गल्ली एकदिशा मार्ग होऊन गजबजलेली असते, पूर्वी पायी पाच मिनिटांत गाठता येणाऱ्या जागेसमोर आता उड्डाणपूल उभा असतो. पाहणी करताना ज्या वेळी पाहुणे येणार त्याच वेळी जावे. दुपारी निवांत वाटणारी जागा रात्री आठनंतर ओळखू येत नाही. गाडी कुठे थांबेल, पायऱ्या किती आहेत, गुडघ्याचा त्रास असणाऱ्या किंवा चाकाच्या खुर्चीवर असणाऱ्या व्यक्तीला आत जाता येईल का, स्वच्छतागृह कसे आहे, एवढे पाहून घ्यावे. आधी पोहोचणे जमत नसेल, तर तिथे अजून राहणाऱ्या विश्वासू मित्राला हीच यादी देऊन पाठवावे.

जेवणाची जागा निवडताना चवीइतकेच महत्त्व आवाजाला द्यावे, किंबहुना माझ्या मते थोडे अधिकच. गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो, शेजारचेही चढवतात आणि सगळी खोलीच ओरडू लागते. या प्रवृत्तीला फ्रेंच डॉक्टर एतियेन लोंबार्ड यांच्या 1911 मधील निरीक्षणावरून लोंबार्ड परिणाम म्हणतात. विद्यार्थिदशेत आवडलेली बहुतेक ठिकाणे नेमकी अशीच असतात, कारण त्या वयात गर्दी आणि संगीत हेच आकर्षण असते. ज्यांच्याशी आपली अजून पुरती ओळख नाही, किंवा जे आपल्या भाषेत सराईत नाहीत, त्यांच्यासाठी दोन तास असे ओरडून बोलणे म्हणजे शिक्षा ठरते. पडदे, गालिचे आणि गादीच्या खुर्च्या आवाज शोषून घेतात. उघडी काच, फरशी आणि उंच काँक्रीटचे छत तो परतवतात. टेबल राखून ठेवताना स्वयंपाकघराच्या दारापासून आणि ध्वनिवर्धकापासून दूरचा कोपरा स्पष्ट शब्दांत मागावा.

माणसे किती, याचाही विचार हवा. उत्स्फूर्त गप्पांच्या गटांचे निरीक्षण करणारे मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डन्बार आणि त्यांचे सहकारी यांनी 1995 मध्ये असे दाखवले, की एक संभाषण साधारण चार जणांपर्यंतच एकसंध राहते आणि त्यापुढे ते फुटून दोन होते. आठ जणांच्या लांब टेबलाच्या टोकाला बसलेला पाहुणा म्हणूनच अनेकदा एकटा पडतो. गट मोठा असेल तर गोल टेबल घ्यावे, किंवा दोन लहान टेबले मांडून प्रत्येकावर आपल्या बाजूचा एक बोलका सहकारी बसवावा. पाहुण्यांपेक्षा यजमानांची संख्या जास्त होऊ देऊ नये.

खाण्यापिण्याच्या सवयी आधी लेखी विचारून घ्याव्यात, आणि त्याही प्रत्येकाकडून स्वतंत्रपणे, कारण चारचौघांत विचारल्यास माणसे संकोचाने काहीही चालेल असे सांगतात. कोणत्या पदार्थाची ॲलर्जी आहे, काय वर्ज्य आहे, उपवास आहे का, मद्य घेतात का, एवढे पुरेसे आहे. ॲलर्जी असल्यास ती उपाहारगृहाला आदल्या दिवशी कळवावी आणि टेबलावर पुन्हा एकदा सांगावी. तीव्र ॲलर्जीत तोच पळा किंवा तेच तेल वापरल्यानेही जिवावर बेतू शकते. मद्य न घेणाऱ्याला कारण विचारू नये आणि आग्रहही करू नये. विद्यार्थिदशेतील बेफाम रात्रींचे किस्से सांगण्याचा मोह इथेच होतो. तो आवरावा, कारण समोरची व्यक्ती उद्या आपल्यावर मोठे काम सोपवायचे की नाही, हे ठरवणार असते.

आता कॉलेजच्या आवाराविषयी. पाहुण्यांना तिथे न्यावे का? न्यावे, पण त्यांना पाहण्यासारखे काही असेल तरच. जुने ग्रंथालय, संग्रहालय, वनस्पती उद्यान, वेधशाळा, एखादी वास्तू किंवा त्यांच्या व्यवसायाशी संबंधित प्रयोगशाळा असेल तर भेट सार्थकी लागते. आपली वर्गखोली, वसतिगृहाची खिडकी आणि पहिला बाक यांना या कार्यक्रमात जागा नसावी. आवारात बाहेरच्या व्यक्तींना प्रवेश आहे का, ओळखपत्र लागते का, छायाचित्रे काढता येतात का, हे माजी विद्यार्थी कार्यालयाकडून किंवा संबंधित विभागाकडून आधी विचारून लेखी परवानगी घ्यावी. मी इथलाच आहे, असे सांगून पहारेकऱ्याशी हुज्जत घालणे पाहुण्यांसमोर फार वाईट दिसते. संपूर्ण फेरी पाऊण तासात आटोपावी, चालणे कमी ठेवावे, आणि परीक्षा सुरू असतील तर इमारतींच्या जवळ फिरूच नये.

मग आठवणींचे काय करायचे? त्या पूर्णपणे गिळून टाकाव्यात असे मी मुळीच म्हणणार नाही. त्या शहराशी आपले खरे नाते आहे, हे पाहुण्यांना कळले तर संध्याकाळीला ऊब येते आणि आपण केवळ विक्रीची भाषा बोलणारे राहत नाही. युक्ती एवढीच, की आठवण लहान असावी, समोर दिसणाऱ्या वस्तूशी जोडलेली असावी आणि तिचा शेवट पाहुण्यांना विचारलेल्या प्रश्नाने व्हावा. उदाहरणार्थ, या ग्रंथालयात रात्री जागा मिळवण्यासाठी आम्ही संध्याकाळपासून पुस्तके ठेवून जात असू, तुमच्याकडे अभ्यासाला जागा कुठे मिळायची? मानसशास्त्रात असे वारंवार आढळले आहे, की मध्यमवयीन आणि वृद्ध माणसांना आयुष्यातल्या साधारण 10 ते 30 या वयातील प्रसंग इतर काळापेक्षा अधिक आठवतात. आपले मन या शहरात वारंवार मागे ओढले जाते ते त्यामुळेच; पण पाहुण्यांचेही एखादे शहर, एखादे वसतिगृह, एखादी पहिली नोकरी अशीच त्यांच्या मनात घर करून असते. आपल्या आठवणीने त्यांची आठवण जागी केली, की पुढचा अर्धा तास ते बोलतात आणि आपण ऐकतो, आणि माझ्या दृष्टीने संपूर्ण दौऱ्यातील हाच सर्वांत फलदायी अर्धा तास असतो. या वेळी कामाचा विषय मध्ये आणू नये. कॉलेजात न गेलेली, फार कष्टातून शिकलेली किंवा शिक्षण अर्धवट सोडावे लागलेली माणसेही मोठ्या पदांवर असतात. म्हणून तुम्ही कोणत्या कॉलेजात होता, असा थेट प्रश्न टाळून त्या वयात तुम्ही कुठे होता, असे विचारणे अधिक सुसंस्कृत ठरते.

जुने मित्र आणि प्राध्यापक यांना या भेटीत सामील करायचे असल्यास फार विचार करावा. पाहुण्यांच्या क्षेत्रातील एखादे प्राध्यापक अर्ध्या तासासाठी भेटले, तर त्यांचे बोलणे पाहुण्यांच्या लक्षात राहते; मात्र त्यांना भेटीचा हेतू आणि पाहुण्यांची पार्श्वभूमी आधी सांगावी, आणि त्यांचा वेळ आपल्या धंद्यासाठी वापरला जातो आहे असे त्यांना वाटू देऊ नये. मित्रांचे तसे नाही. दोन जुने मित्र एका टेबलावर आले, की टोपणनावे निघतात, अर्धी वाक्ये पुरेशी होतात आणि बाकीचे सगळे परके होतात. त्यांना दुसऱ्या दिवशी स्वतंत्रपणे भेटावे. स्वतःची हौसही अशीच वेगळी भागवावी: पहाटे पाहुणे उठण्यापूर्वी एकटे जाऊन आवारात फिरून यावे, म्हणजे संध्याकाळी मन त्यांच्याकडे राहते.

गोपनीयतेचा मुद्दा अशा शहरात विशेष लागू होतो. आपल्याच शाखेचे माजी विद्यार्थी प्रतिस्पर्धी कंपन्यांत काम करतात आणि त्यांनाही तीच उपाहारगृहे माहीत असतात. दर, निविदा, करार, कर्मचाऱ्यांच्या बदल्या हे विषय बंद खोलीतील बैठकीसाठी ठेवावेत.

खर्चाबाबत आपल्या आणि क्लायंटच्या अशा दोन्ही संस्थांचे नियम आधी वाचावेत. भेटवस्तू व आदरातिथ्य यांची कमाल मर्यादा, पूर्वपरवानगीची अट आणि नोंदवही अनेक कंपन्यांत असते, आणि दोहोंपैकी कडक नियम पाळणे शहाणपणाचे असते. अमेरिकेचा 1977 चा परदेशी भ्रष्ट व्यवहारविरोधी कायदा आणि ब्रिटनचा 2010 चा लाचलुचपत कायदा हे दोन्ही त्या देशांच्या सीमेबाहेरच्या व्यवहारांनाही लागू होऊ शकतात. ब्रिटिश सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रामाणिक हेतूचे, वाजवी आणि प्रमाणात असलेले आदरातिथ्य रोखणे हा त्या कायद्याचा उद्देश नाही. निर्णयावर प्रभाव पाडण्यासाठी केलेला खर्च मात्र त्यात बसतो. म्हणून निविदा किंवा कराराचा निर्णय प्रलंबित असताना मोठी मेजवानी देऊ नये, कुटुंबीयांचा प्रवासखर्च उचलू नये, आणि पाहुणे सरकारी अधिकारी असतील तर साधे जेवण देण्यापूर्वीही आपल्या विधी विभागाला विचारावे. कॉलेजचे बोधचिन्ह असलेली एखादी लहान वस्तू भेट म्हणून शोभते. रोख रक्कम किंवा भेटकार्ड कधीही देऊ नये.

बिल टेबलावर येऊ देऊ नये. आत गेल्यावर व्यवस्थापकाकडे कार्ड देऊन ठेवावे. ओळखीचे मालक पैसे नकोत म्हणाले तरी ते द्यावेत आणि पावती घ्यावी.

लांबून, अनेक कालविभाग ओलांडून आलेल्या पाहुण्यांना पहिल्या रात्री फक्त लवकर जेवण आणि विश्रांती द्यावी. शरीराचे घड्याळ जुळायला ढोबळमानाने एका तासाच्या फरकामागे एक दिवस लागतो, आणि पूर्वेकडे प्रवास केल्यास त्रास अधिक होतो. इतर दिवशीही कार्यक्रम संपण्याची वेळ निमंत्रणातच लिहावी, म्हणजे निघायचे कसे या संकोचात कोणी अडकत नाही. परतीची वाहने आधीच ठरलेली असावीत; एकट्या प्रवास करणाऱ्या महिला पाहुण्यांना चालकाचा क्रमांक आधी द्यावा आणि त्या हॉटेलवर पोहोचल्याची खात्री करून घ्यावी. एक संध्याकाळ पूर्ण मोकळी ठेवून शहरातील दोन-तीन ठिकाणांची नावे व वेळा लिहून दिल्या, तर पाहुणे आपल्या गतीने फिरू शकतात.

दौऱ्यानंतर दोन दिवसांत आभाराचे पत्र पाठवावे आणि त्यात पाहुण्यांनीच सांगितलेल्या एखाद्या गोष्टीचा उल्लेख करावा. खर्चाच्या नोंदीत तारीख, ठिकाण, रक्कम, उपस्थितांची नावे, त्यांच्या संस्था आणि भेटीचे कारण लिहून पावत्या जोडाव्यात. प्रत्येकाच्या खाण्याच्या सवयी व आवडीनिवडी पुढच्या वेळेसाठी टिपून ठेवताना आरोग्याविषयीची माहिती मात्र त्यांच्या संमतीनेच आणि मोजक्या सहकाऱ्यांपुरती ठेवावी.