विहिरीचं गोड पाणी आणि माझे दोन श्रिम्प

आमची विहीर निफाडजवळ, द्राक्षबागेच्या बांधाला. पाणी गोड. आजी त्याच पाण्यावर नव्वदीपार गेली. त्यामुळे मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, लावताना साल्ट मिक्स, लाइट, पंप यांवर पैसे ओतले आणि पाणी फुकटचं घेतलं. तिसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी थर चढला. रोज खरवडायचा, रोज यायचा. आपल्या काळ्या दगडातून झिरपलेल्या पाण्यात सिलिका असते, आणि त्या शेवाळाला तीच लागते.

मग नायट्रेट मोजलं. लिटरला 40 मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याची मर्यादा 45, म्हणजे माणसाला चालतं. टँकचा हिशोब वेगळा. माझ्या 180 लिटरमधून रोज 3 लिटर उडतात, पण उडतं ते नुसतं पाणी. उडालेल्याच्या जागी महिन्याला 90 लिटर पाणी भरायचं (टॉप-अप), म्हणजे 3600 मिलिग्रॅम नायट्रेट आत, लिटरमागे 20 ची भर. खत टाकणारेही आम्हीच, तक्रार कुणाकडे करणार?

तेव्हा विहिरीचं पाणी शुद्ध करायचंच, हे कुणीही सांगेल. मी आपटलो ते पुढे.

शुद्धच हवं ना, मग स्वयंपाकघरात आरओ आहेच की! टीडीएस मीटरवर (पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते दाखवणारा) विहीर 640, आरओ 70. मी खूश. थोड्याच दिवसांत एक क्लीनर श्रिम्प (कोळंबीसारखा छोटा जीव) आडवा पडलेला दिसला, पाय हलत होते. वाटलं, कात टाकतोय. दुपारपर्यंत दुसराही गेला. गोगलगायी काच सोडून वाळूत पडल्या. क्लाउनफिश मात्र मजेत खात होते. मासे ठणठणीत आणि श्रिम्प-गोगलगायी मरतायत, तर आधी तांबं तपासा. बाकी सगळं नंतर.

ग्रुपवरच्या जाणत्यांनी लगेच मोरचुदावर खापर फोडलं, बागेत बोर्डो (मोरचूद-चुन्याची, म्हणजे तांब्याची फवारणी) मारतो म्हणून. (फोटो बघून निदान करणाऱ्या गुरूंपासून चार हात लांब राहा, असं माझं स्पष्ट मत आहे.) विहिरीच्या पाण्यात किटवर तांबं दिसलंच नाही. आरओचं पाणी घातलं आणि नळीला रंग चढला. फिल्टरवर 'कॉपर' असं ठळक छापलेलं होतं! तांब्याच्या भांड्याचे गुण मिळावेत म्हणून आईने मुद्दाम घेतलेलं मॉडेल. वर, ते 70 टीडीएस कुठून आलं? चवीसाठी कच्च्या पाण्याची धार परत मिसळणारा टीडीएस कंट्रोलर. म्हणजे नायट्रेटही परत आत. मीटर किती विरघळलंय ते सांगतो, काय विरघळलंय ते नाही.

घाबरू नका, उपाय सरळ आहे. टँकसाठी वेगळा आरओ, त्यात कंट्रोलर नको, मिनरल नको, तांबं तर नकोच, आणि शेवटी डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार शोषून घेणारे दाणे). आकडा 0 यायला हवा. चढायला लागला की रेझिन बदला, आळस करू नका. गच्चीवरच्या टाकीचं प्रेशर मेम्ब्रेनला पुरत नाही, बूस्टर पंप घ्यावाच लागतो. पावसाळ्यात विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकत असाल तर आधी कार्बन फिल्टर, नाहीतर क्लोरीन मेम्ब्रेन खातं.

दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात, म्हणून मी दोन्ही काढून टाकली. नवे श्रिम्प दोन महिन्यांनी आणले. जुनी वाळू अजून मोटारीच्या खोलीत पोत्यात पडून आहे, आणि आई अजून त्याच आरओचं पाणी पिते.