व्हर्च्युअल डेस्कटॉप उभारताना आधी परवान्यांचा हिशेब

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एकाच संगणकावर तीन पाळ्यांतील कर्मचारी काम करत असतील, तर विंडोज सर्व्हरच्या रिमोट डेस्कटॉप सेवेसाठी (सर्व्हरवर चालणारा डेस्कटॉप दुरून वापरण्याच्या सोयीसाठी) प्रतियंत्र परवाना स्वस्त पडतो. याउलट पणजीतील एखादा लेखापाल कार्यालयातील संगणक, लॅपटॉप आणि मोबाइल असे तिन्ही वापरत असेल, तर त्याच्यासाठी प्रतिवापरकर्ता परवानाच सोयीचा ठरतो. प्रतिवापरकर्ता परवान्यासाठी मात्र अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचे डोमेन, म्हणजे वापरकर्त्यांची खाती एकाच ठिकाणी सांभाळणारी व्यवस्था, आधी उभारावी लागते.

सर्व्हरवर सेशन होस्टची (वापरकर्त्यांचे डेस्कटॉप चालवणारी) भूमिका बसवल्यावर या परवान्यांशिवाय काम चालवण्याची १२० दिवसांची सवलत मिळते. सगळे सुरळीत चालले आहे या समजुतीत ही मुदत सहज निसटते, म्हणून परवाना सर्व्हर त्याच आठवड्यात बसवून सक्रिय करावा, त्यावर परवाने चढवावेत आणि ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या मध्यवर्ती सेटिंग्जमध्ये) परवान्याचा प्रकार व परवाना सर्व्हरचे नाव नोंदवावे. विंडोज सर्व्हर २०१९ चे रिमोट डेस्कटॉप परवाने २०२२ च्या सर्व्हरवर चालत नाहीत, त्यामुळे जुना साठा स्वस्तात मिळाला तरी आवृत्ती तपासल्याशिवाय घेऊ नये. विंडोज सर्व्हरचे मूळ कॅल (सर्व्हरशी जोडण्याचे) परवाने वेगळे घ्यावे लागतात. विक्रेत्याच्या दरपत्रकात ते आहेत का, हे अवश्य पाहावे.

प्रत्येकाला स्वतंत्र आभासी विंडोज ११ यंत्र द्यायचे असल्यास गणित बदलते: तेथे विंडोज एंटरप्राइझची ई३ किंवा ई५ वर्गणी, अथवा व्हीडीए (आभासी डेस्कटॉप वापरण्याचा) परवाना लागतो.

पावसाळ्यात वीज जाते हे गोव्यात कोणाला सांगायला नको. सर्व्हरसोबत राउटर आणि स्विचलाही यूपीएस जोडावा.