लिंक्डइनवर नाव करायचंय? आधी ते ‘पॅशनेट’ काढून टाका

मी क्वालिटीत आहे, म्हणजे पार्ट मापात आहे का ते तपासते, चाकणला, ११ वर्षं झाली. त्यातली पहिली ८ वर्षं माझं लिंक्डइन म्हणजे कॉलेज संपताना सरांनी सांगितलं म्हणून उघडलेलं खातं, फोटोत ताईच्या लग्नातली पैठणी आणि खांद्यावर कुणाचा तरी अर्धा कापलेला हात. मग एका शुक्रवारी आमच्या लाइनवरच्या चौघांना दुपारी एचआरने बोलावलं आणि ते परत जागेवर आलेच नाहीत, संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसल्यावर डोक्यात एकच, उद्या माझा नंबर लागला तर मी काय काम करते हे बॉस आणि ऑडिटर सोडून कुणाला माहीत आहे? कुणालाच नाही. आजी म्हणायची, बोलणाऱ्याचे हुलगे विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पण विकत नाहीत. माझे गहू ८ वर्षं पोत्यातच.

पर्सनल ब्रँड म्हटलं की मलाही कसंतरीच होतं, समुद्राकडे पाठ करून काढलेला फोटो आणि खाली पहाटे ५ ला उठण्याचे फायदे. ते सोडून द्या. आपल्या कामापुरता अर्थ एवढाच की अमुक एक अडचण आली की चार माणसांना तुमचं नाव आठवलं पाहिजे. म्हणून पहिलं काम प्रोफाइलवर नाही, कागदावर. गेल्या वर्षभरात दुसऱ्या डिपार्टमेंटची माणसं तुमच्याकडे नेमकं काय विचारायला आली ते लिहून काढा, आठवत नसेल तर व्हॉट्सअ‍ॅप वर सरकवत जा, सापडेल. मला वाटायचं माझा विषय ‘क्वालिटी’, पण चॅट बघितले तर निम्मे मेसेज एकाच प्रकारचे निघाले: मॅडम, पार्ट लाइनवर ओके आहे, स्टँडर्ड रूममध्ये नॉट ओके दाखवतोय, काय करू? (स्टँडर्ड रूम म्हणजे अचूक मापं घ्यायची वेगळी खोली.) थोडक्यात, माझा विषय मोजमापातली भांडणं. ऐकायला भारी नाही वाटत पण खरा आहे, आणि त्यावर बोलणारं फार कुणी नव्हतं.

आता हेडलाइन. लिंक्डइन २२० अक्षरं देतं आणि बहुतेक लोक त्यात फक्त हुद्दा आणि कंपनीचं नाव टाकून मोकळे होतात. माझी जुनी होती ‘पॅशनेट क्वालिटी प्रोफेशनल, टीम प्लेअर, क्विक लर्नर’. रिक्रूटर सर्चमध्ये पॅशनेट टाइप करत नाही हो, तो सीएमएम (पार्टची अचूक मापं घेणारं मशीन) टाइप करतो, पीपॅप (पार्ट कस्टमरकडून मंजूर करून घ्यायची पद्धत) टाइप करतो. आता आहे ‘क्वालिटी इंजिनिअर, अ‍ॅल्युमिनियम मशीनिंग, सीएमएम, जीडी अँड टी, एमएसए, पीपॅप, आयएटीएफ १६९४९ इंटर्नल ऑडिटर’. (जीडी अँड टी म्हणजे ड्रॉइंगवर आकाराची सूट दाखवायच्या खुणा, एमएसए म्हणजे मोजणीच भरवशाची आहे का ते तपासणं, आयएटीएफ १६९४९ म्हणजे गाड्यांच्या पार्टचं क्वालिटी स्टँडर्ड.) हेडलाइन मात्र इंग्रजीतच टाका, कारण शोधणारा इंग्रजीत शोधतो. ‘अबाउट’ला २६०० अक्षरं मिळतात, सगळी भरायची गरज नाही, पाच-सहा ओळी बास: कुठल्या पार्टवर काम केलं, कुठली अडचण सोडवता, कुठली मशीन हाताळता. फोटो मोबाइलवर काढलेला चालतो, फक्त त्यात तुम्ही एकटे हवे. प्रोफाइलच्या लिंकमध्ये नावापुढे जे नंबरांचं शेपूट असतं ते सेटिंगमधून काढता येतं, काढून टाका, रिझ्युमेवर बरं दिसतं.

आणि हे सगळं बदलायच्या आधी, आधीच बरं का, सेटिंगमध्ये जाऊन प्रोफाइलमधले बदल नेटवर्कला कळवायचं बटण बंद करा. नाहीतर तुम्ही रविवारी प्रोफाइल चकाचक करणार आणि सोमवारी बॉस चहाला विचारणार, काय मग, कुठे चाललात? ओपन टू वर्क, म्हणजे नोकरी शोधतोय ही खूण, तिचं पण तसंच. हिरवी पट्टी सगळ्यांना दिसते, दुसरा पर्याय फक्त रिक्रूटर्सना दाखवायचा. त्यात तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटर्सपासून लपवायचा प्रयत्न होतो पण शंभर टक्के खात्री लिंक्डइन स्वतःच देत नाही, सो विचार करून.

आता खरा भाग, पोस्ट. इथे सगळे अडतात, मी काय लिहू, माझ्याकडे लिहिण्यासारखं काय आहे. माझी पहिली बरी पोस्ट सांगते. आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमचा एक पार्ट होता, समजा ८० मिलिमीटरचा बोअर, म्हणजे आरपार गोल भोक. पार्ट धुणाऱ्या वॉशिंग मशीनमधून बाहेर आला की ऑपरेटर लगेच गेज (माप तपासायचं साधन) लावणार, ओके. तोच पार्ट दोन तासांनी स्टँडर्ड रूममध्ये, बोअर लहान, रिजेक्ट. मग सुरू, तुमचा गेज चुकीचा, तुमचा सीएमएम चुकीचा. दोन्ही बरोबर होते. पार्ट मशीनमधून ४५ डिग्रीला बाहेर येत होता आणि स्टँडर्ड रूम २० डिग्रीला. अ‍ॅल्युमिनियम दर डिग्रीला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फुगतं, म्हणजे ८० मिलिमीटरवर २५ डिग्रीच्या फरकाने ४६ मायक्रॉन. आणि बोअरला टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, किती? एच ७ ग्रेडचा, म्हणजे ३० मायक्रॉन. अख्खं टॉलरन्स गिळून वर १६ मायक्रॉन जास्त!

हेच लिहिलं. पण ड्रॉइंग नाही, पार्टचा फोटो नाही, कस्टमरचं नाव नाही, किती पार्ट रिजेक्ट झाले तेही नाही. हे फार महत्त्वाचं आहे, शॉपफ्लोअरवर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात ते उगाच नाही, आणि एका लाइकसाठी नोकरी घालवणारे असतात. मग दाखवायचं काय? मी घरी वहीच्या पानावर दोन गोल काढले, एक गरम एक थंड, त्याचा फोटो टाकला. आणि सुरुवात केली लोणच्याच्या बरणीपासून, पत्र्याचं झाकण घट्ट बसलं की आई ते गरम पाण्याखाली धरते, झाकण फुगतं आणि सुटतं, आमचा पार्ट पण तेच करत होता. मोबाइलवर पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकी ‘मोअर’ दाबल्यावर, त्यामुळे बरणी वर, आकडे खाली. ‘मला हे शेअर करताना अत्यंत आनंद होत आहे’ वर असेल तर कोण दाबेल ते मोअर? चॅटजीपीटीकडून लिहून घेणाऱ्यांनाही हेच सांगेन, व्याकरण तपासून घ्या बिनधास्त, पण बरणी तुमच्या घरातली पाहिजे.

त्या पोस्टला ११ लाइक आले, त्यातले ३ नातेवाइकांचे. असंच होतं सुरुवातीला. मी महिन्याला दोनच पोस्ट टाकते, रोज टाकणं मला जमलं नाही आणि जमवावंसं वाटलंही नाही. त्यापेक्षा कमेंट जास्त उपयोगी पडल्या. कुणी गेजबद्दल काही विचारलं की ‘ग्रेट पोस्ट सर’ न लिहिता नीट चार ओळी लिहायच्या, दुसऱ्याच्या पोस्टवर तुमच्यापेक्षा दहापट माणसं आलेली असतात, तिथे फुकटात ओळख होते. कनेक्शन रिक्वेस्ट पण सीईओंना पाठवत बसू नका, सप्लायरचे इंजिनिअर, कॅलिब्रेशन लॅबवाले, सोडून गेलेले जुने सहकारी, नोकरीची खबर यांच्याकडूनच येते. मराठीत लिहू का असं बरेच जण विचारतात. लिहा की, भोसरी-चाकणचे सुपरवायझर मराठी पोस्टवर मोकळेपणाने बोलतात, इंग्रजीवर गप्प लाइक करून जातात. मी आलटून पालटून लिहिते. मुलींसाठी एक वेगळं, ‘हाय डिअर’ला उत्तर द्यायचं नाही, सरळ ब्लॉक, कनेक्शनचा आकडा गेला खड्ड्यात. आणि ऑफर लेटरसाठी पैसे मागणारा कितीही गोड बोलला तरी तोही ब्लॉक.

सातेक महिन्यांनी एका इंटरव्ह्यूला गेले तर समोरच्या साहेबांनी रिझ्युमे बाजूला ठेवला आणि म्हणाले, ती बरणीवाली पोस्ट तुमचीच ना, मग पुढे काय केलंत, पार्ट थंड व्हायची वाट बघत बसलात? म्हटलं नाही सर, तेवढा वेळ लाइनला कुठे असतो, आम्ही अ‍ॅल्युमिनियमचीच मास्टर रिंग, म्हणजे गेज सेट करायची ठरलेल्या मापाची कडी, बनवून घेतली आणि तीही पार्टबरोबर वॉशिंग मशीनमधून काढायला लागलो, पार्ट आणि मास्टर दोन्ही सारखेच गरम, गेज त्यावरच सेट. ते हसले. म्हणाले, हे पण लिहा की मग. त्याच रात्री लिहिलं.