सीपी असलेल्या मुलांची बालवाडी : या चुका टाळा

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली सीपी, असलेलं तीन-चार वर्षांचं मूल बालवाडीत आलं की पहिल्याच आठवड्यात विचारणा होते, 'पेन्सिल कधी धरेल?' त्या वेळी मूल खुर्चीत एका कुशीवर कललेलं असतं, पाय लोंबकळत असतात आणि हनुवटी छातीला टेकलेली असते. अशा अवस्थेत मोठ्या माणसालाही धड सही करता येणार नाही. मेंदूच्या इजेमुळे स्नायूंचा ताण बिघडलेला असतो. कुणाचं अंग ताठ होतं, कुणाचं सैल पडतं. बसणं पक्कं नसेल तर मुलाची सगळी ताकद न पडण्यातच खर्च होते. पेन्सिल, गाणं, चमचा यांचा नंबर नंतरचा.

'वाढत्या अंगाची' खुर्ची

पुढे दोन वर्षं पुरेल म्हणून मोठी खुर्ची घेणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. कपडे वाढत्या अंगाचे चालतात, खुर्ची चालत नाही. सीट खोल असली की गुडघे वाकायला जागा मिळावी म्हणून मुलाची कंबर पुढे सरकते. मूल घसरायला लागतं, मग कुणीतरी ओढणीने छातीशी बांधतं. आता श्वासही अडखळतो आणि घासही.

माप साधं आहे. मुलाला सरळ बसवा, ढुंगणाच्या मागच्या टोकापासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत मोजा आणि त्यातून दोन बोटं वजा करा. ही झाली सीटची खोली. रुंदीला कंबरेच्या दोन्ही बाजूंना एकेक बोट मोकळं ठेवा. जास्त जागा असेल तर टॉवेलची घट्ट गुंडाळी भरा. तळवे पूर्ण टेकायला हवेत. पाट ठेवा, नाहीतर वर्तमानपत्रांचा गठ्ठा चिकटपट्टीने करकचून बांधा. कंबर, गुडघा आणि घोटा हे तिन्ही साधारण काटकोनात आले पाहिजेत. पट्टा पोटावरून नको. जांघेच्या घडीवरून, सीटशी 45 अंशांचा कोन करत मागे-खाली ओढलेला हवा. ट्रे कोपरांच्या उंचीला. उंच झाला तर खांदे वर चढतात, खाली गेला तर मूल पुढे कोसळतं.

बसवण्याचा क्रमही उलटा केला जातो. डोकं लटकतंय म्हणून आधी डोक्याला आधार शोधतात, कुणी मानेला कॉलर लावतं. आधी कंबर मागे टेकवून पट्टा लावा, मग पाय, मग ट्रे. एवढं केल्यावर पुष्कळ मुलं डोकं आपणहून उचलतात. उचललं नाही तर डोक्याच्या आधाराचं बघा. ताठ होणाऱ्या मुलाचे पाय ओढून खाली बसवायला जाऊ नका, ते आणखी ताठ होईल. आधी दोन्ही गुडघे पोटाकडे वाकवून घ्या आणि त्याच स्थितीत सीटवर ठेवा.

कितीही चांगली खुर्ची असली तरी अर्धा-पाऊण तासाने स्थिती बदला : कुशीवर, गुंडाळीवर पालथं किंवा स्टँडिंग फ्रेममध्ये, म्हणजे आधार देऊन उभं ठेवणाऱ्या चौकटीत. दिवसभर खुर्चीत ठेवलेलं मूल शांत दिसतं, आणि म्हणूनच ही चूक कुणाच्या लक्षात येत नाही.

भरवणं

इथे घाई केली तर मूल दवाखान्यात जातं, म्हणून सविस्तर सांगावं लागतं.

बहुतेक बालवाड्यांत घडणारी गोष्ट अशी. चार वर्षांचा मुलगा, डबा संपवायला तास लागतो. मदतनीस ताई कामाच्या गडबडीत. एक हात कपाळावर ठेवून डोकं मागे करायचं आणि चमचा रिकामा करायचा. घास 'जातो', म्हणून पद्धत रुळते. घरी आजी त्याला पायांवर आडवं घेऊन बोंडल्याने दूध पाजते, कारण तिने तिची सगळी मुलं तशीच वाढवली. पावसाळ्यात न्यूमोनिया होतो, दिवाळीनंतर पुन्हा होतो. सगळे म्हणतात, प्रतिकारशक्ती कमी आहे. टॉनिक सुरू होतं. शेवटी गिळण्याची एक्स-रे तपासणी होते आणि दिसतं की पाणी आणि दूध दर काही घोटांनी श्वासनलिकेत उतरतंय, आणि मुलगा खोकतही नाही. न खोकता होणारं हे शिरणं बाहेरून ओळखायचं तर जेवताना आवाज ओलसर, घरघरता होतो का, डोळ्यांत पाणी येतं का, श्वास जलद होतो का, जेवणानंतर छाती भरते का, हे पाहावं लागतं. 'खोकला येत नाही, म्हणजे सगळं ठीक' हा समज डोक्यातून काढून टाका.

मान मागे गेली की श्वासनलिका उघडी पडते आणि पातळ पदार्थ मूल गिळायच्या आत तिकडे पोचतो. म्हणून कान खांद्यांच्या रेषेत आणि हनुवटी किंचित आत. भरवणाऱ्याने उभं राहू नये. मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडं खाली, समोर बसावं. उभ्या माणसाकडे बघायला मूल मान वर करणारच. चमचा उथळ आणि सपाट, एका वेळी अर्धा छोटा चमचा. समोरून आत न्या, जिभेच्या मध्यावर हलका दाब द्या, ओठ मिटायची वाट बघा आणि चमचा सरळ बाहेर काढा. वरच्या दातांवर किंवा टाळूवर निपटून काढलेला घास मुलाने खाल्लेला नसतो, तुम्ही कोंबलेला असतो. चमचा करकचून चावणाऱ्या मुलाला स्टीलऐवजी सिलिकॉनचा जाड चमचा द्या. पार्टीतले पांढरे प्लॅस्टिकचे चमचे तोंडात तुटतात. चावलेला चमचा हिसकू नका, हनुवटी थोडी आत घ्या आणि जबडा सैल होईपर्यंत थांबा.

गिळायला सर्वांत अवघड काय, असं विचारलं तर पालक पोळी म्हणतात. खरी अवघड जोडी म्हणजे पातळ वरणात मोकळी शितं. पाणी एका वेगाने जातं, शीत दुसऱ्या, आणि मुलाला दोन्ही सांभाळायचं असतं. दुधात अर्धवट भिजलेलं बिस्किट त्याच जातीचं. भात वरणाबरोबर मऊ कालवून, गुठळी न ठेवता, चमचा उलटा केला तर हळू सरकेल एवढा दाट ठेवा. चुरमुरे, शेंगदाणे, डाळिंबाचे दाणे डब्यात नकोतच. पाण्यासाठी तोटीची बाटली बंद करा. मऊ प्लॅस्टिकच्या कपाची एक कड अर्धचंद्रासारखी कापा, कडा घासून गुळगुळीत करा. कापलेल्या जागी नाक बसतं आणि डोकं मागे न करता पिता येतं. पाणी दाट करायची पावडर मात्र स्पीच थेरपिस्टने मुलाला तपासून, किती दाट ते सांगितल्यावरच.

एक जेवण अर्ध्या तासापलीकडे ताणू नका. त्यानंतर मूल दमतं आणि दमलेल्या मुलाचा घास चुकतो. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान खाणी द्या, प्रत्येकात थोडं तूप. खाल्ल्यावर निदान अर्धा तास आडवं करू नका, व्यायामही घेऊ नका. डबा संपल्या संपल्या फिजिओचा तास लावणारं वेळापत्रक कुणी आखलं असेल, तर ते बदलून घ्या.

फिट

अनेक सीपी मुलांना अपस्मारही असतो. फिट आली की कांदा, चप्पल, हातात किल्ली, दातांत चमचा, तोंडावर पाणी हे सगळं आजही होतं. करायचं एवढंच : कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, तोंडात काहीही घालू नका आणि घड्याळ बघा. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटं झाली की डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलामचा नाकात मारायचा स्प्रे द्या आणि दवाखान्याकडे निघा. स्प्रेचा डोस वजनावर ठरतो. तीन वर्षांच्या वयात लिहिलेली चिठ्ठी पाचव्या वर्षी दप्तरात सापडते आणि बाटलीची मुदत कधीच संपलेली असते. दर सहा महिन्यांनी वजन करा, चिठ्ठी नवी घ्या. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाण्याचा थेंबही नको. आणि 'सहा महिने फिट नाही' म्हणून गोळी स्वतःच बंद करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की औषध अचानक थांबवल्यानेच लांबलेली फिट येऊ शकते.

डोक्यात शंट, म्हणजे मेंदूतलं साचलेलं पाणी उतरवणारी नळी, असलेल्या मुलाला उलट्या आणि सुस्ती आली तर अपचन म्हणून घरी थांबू नका, त्याच दिवशी न्यूरोसर्जन.

विचारून न थांबणं

'सफरचंद कुठंय? कुठंय? दाखव ना!' तीन सेकंदांत तीन प्रश्न, मग ताईच मुलाचा हात धरून चित्रावर ठेवतात आणि टाळ्या वाजवतात. सीपीत कळणं आणि हलणं यांच्यामध्ये वेळ जातो. एकदा विचारा आणि मनात दहापर्यंत मोजा. दोनच वस्तू, हातभर अंतरावर, डोळ्यांच्या पातळीला. मुलाने ज्या वस्तूकडे नजर नेली तेच उत्तर. अशा चित्रांनी आणि नजरेने बोलायला लागलं तर 'मग तोंडाने बोलणार नाही' ही भीती निराधार आहे. उलट, संवादाचं काहीच साधन नसलेलं मूल रडतं आणि त्याला हट्टी म्हणतात. ऐकू येतंय का हे बेरा या कानांच्या तपासणीने आणि दिसतंय का हे डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आधी पाहून घ्या.

थोडक्यात, पण तितकंच महत्त्वाचं

चाकांचा पांगुळगाडा नको. चालणं लवकर येत नाही, चवड्यांवर ढकलण्याची सवय लागते आणि गाडा उलटतो. कॅनडाने 2004 मध्ये त्यावर बंदीच घातली.

स्प्लिंट, म्हणजे पाय सरळ धरणारा मापाचा साचा, घालताना मोज्याला सुरकुती नको, टाच पूर्ण मागे, आणि घोट्याचा पट्टा सगळ्यात आधी. काढल्यावर वीस-तीस मिनिटांत लाली गेली नाही तर बनवणाऱ्याकडे परत न्या. 'सवय होईल' म्हणू नका, फोड होईल.

व्यायामात स्नायू ताणताना झटका नको. हळू न्या, वीस-तीस सेकंद धरा. उभं न राहणाऱ्या मुलांची हाडं ठिसूळ असतात. मालिशवाल्या बाईंनी 'अंग मोकळं' करताना मांडीचं हाड मोडू शकतं.

कंबरेचा एक्स-रे पालकांना सुचत नाही. खुबा दुखल्याशिवायही हळूहळू सरकतो. डायपर बदलताना मांड्या फाकवणं अवघड होऊ लागलं तर लगेच, एरवीही ऑर्थोपेडिक डॉक्टर सांगतील तेवढ्या अंतराने.

स्टेम सेलवर पैसे घालू नका. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सीपीसाठी ते मान्य उपचार नाहीत, फक्त नोंदणीकृत चाचणीत देता येतात, आणि चाचणीत पालकांकडून पैसे घ्यायचे नसतात. बिल हातात पडलं, तिथेच काय ते ओळखा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे. त्यातून अंगणवाडीतल्या तपासणीत सापडलेलं मूल जिल्ह्याच्या डीईआयसी, म्हणजे लवकर उपचार सुरू करणाऱ्या, केंद्रात मोफत थेरपीसाठी पाठवलं जातं. ती चिठ्ठी कपाटात ठेवून 'मोठं झाल्यावर बघू' म्हणणारी घरं फार. राष्ट्रीय न्यास या दिव्यांगांसाठीच्या सरकारी संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि त्यात बाह्यरुग्ण थेरपीचाही खर्च बसतो, पण कार्ड दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. बिलं, प्रिस्क्रिप्शन आणि थेरपिस्टच्या सहीची हजेरी तारखेनुसार एकाच फाइलमध्ये ठेवा.