फ्लेमिंगो बघायला ऐरोलीला जाताय? या चुका टाळा

पहिली चूक रविवार धरण्याची. सुट्टी रविवारीच मिळते हे मान्य, पण बुधवार, शुक्रवार, रविवार हे मासळीचे वार. दिवाळे, वाशीकडच्या कोळणी त्या दिवशी सकाळपासून बाजारात. तुमच्या ग्रुपचं जेवण करायला, भाकऱ्या थापायला कोण मोकळी सापडणार? मग सहलीचे आयोजक केटरर बोलावतात आणि पोस्टरवर 'स्थानिक महिलांना रोजगार' छापून मोकळे होतात. शनिवारी बाजार जरा थंड असतो, तो विचारून बघा. गुरुवार जमला तर उत्तमच.

दुसरी चूक, भरती न बघता निघणं. ठाणे खाडीचा हा भाग 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. पण खाडी चालते तिथीवर. पक्षी ओहोटीच्या उघड्या चिखलात चरतात, बोटीला मात्र पाणी लागतं. म्हणून पाणी चढत किंवा उतरत असतानाची वेळ साधायची. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीला तीनने गुणा, चारने भागा. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. खाडीत आत पाणी थोडं उशिराच पोचतं, तेव्हा बोटीचं बुकिंग करताना ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रावर सांगतील ती वेळ खरी. आणि बोटीत बसल्यावर 'दादा, थवा उडवा ना जरा' हा हट्ट नको. फोटो होतो तुमचा, उपास घडतो पक्ष्यांना.

आता पैशाचं. सगळा गोंधळ इथेच होतो. कोळणींच्या बचत गटाला जेवण सांगताना लोक आगाऊ रक्कम देत नाहीत. कोळंबी, बोंबील पहाटे धक्क्यावर रोखीने उचलावे लागतात. वीस पानं सांगून बाराच माणसं आली की उरलेल्या आठांचा भुर्दंड त्या बायकांवर. निम्मे पैसे आदल्या दिवशी द्या, आणि क्यूआर स्कॅन केल्यावर वर येणारं नाव वाचा: गटाचं आहे की मधल्या एजंटचं? एजंटचं असेल तर गटाच्या अध्यक्षांनाच विचारा, 'ताई, ताटामागे तुम्हाला किती मिळतात?' जेवणावर घासाघीस करायचीच असेल तर ती एजंटाशी करा.

पावसाळ्यात फ्लेमिंगो फारसे नसतात, शिवाय 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. तेव्हा ठाणेकरांचा मोर्चा येऊरच्या जंगलाकडे वळतो, बहुतेकांचा बंगल्यातल्या पार्टीसाठी. स्पीकर लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. पाड्यावरच्या बायका पहिल्या पावसात शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात. जंगलात शिरून ती स्वतः उपटू नका, त्यांच्याकडूनच घ्या. सोबत काकडं, म्हणजे आंबट रानफळं, मागायला विसरू नका, नाहीतर भाजी घशाला खाजते. किती घालायची तेही त्याच सांगतील.